मुख्याध्यापकांची उडी

तेस्तूरच्या शाळेत लल्ला दालेंदा पाचवीला गणित शिकवायच्या आणि मी शेजारच्या वर्गात अरबी. मधली भिंत पातळ. माझी पोरं व्याकरणात पेंगू लागली की पलीकडून हसण्याचा लोट यायचा, आणि माझ्या वर्गातली निम्मी डोकी भिंतीकडे वळायची.

लल्ला दालेंदांचं लग्न होऊन तीन मुली उजवून झाल्या होत्या, आम्ही त्यांना मानानं 'लल्ला' म्हणायचो, तरी पोरं त्यांना 'आनिस्ती'च म्हणत, म्हणजे कुमारी बाई. त्यांचीही त्याला हरकत नव्हती. अंगानं भरदार, आवाज मऊ. कोटाच्या खिशात पोरांकडून जप्त केलेल्या सूर्यफुलाच्या बिया, आणि त्या मधल्या सुट्टीत स्वतः सोलून खायच्या. एक गोष्ट त्या कधी करत नसत, ती म्हणजे 'चूक' म्हणणं. "हिरवी चूक तोडायची नाही, बिल्हसन," त्या मला सांगत. "झाडावर पिकू द्यायची. पिकली की आपोआप पडते, आणि आवाजही चांगला होतो."

त्या वर्षी वसंतात शाळेचा क्रीडादिन झाला. शेवटी मोठ्यांची लांब उडी ठेवली होती. आमचे मुख्याध्यापक सी हत्ताब यांनी तरुणपणी जिल्ह्याच्या संघातून उड्या मारल्या होत्या, आणि हे ज्याला ठाऊक नाही असा माणूस गावात उरला नव्हता. त्यांनी कोट काढला, मिशीवरून हात फिरवला, धावत आले आणि वाळूत पडले. मग पोरांनी शिपाई अम्म फर्जानींना, म्हणजे फर्जानीकाकांना, पुढे ढकललं. "अरे, माझा चहा उकळतोय," असं म्हणत त्यांनी चपला काढल्या, निळा डगला वर खोचला आणि उडी मारली. उठले ते थेट चहाकडे गेले.

फीत मी धरली होती. आकडा लल्ला दालेंदांनी वाचला आणि फळ्यावर लिहिला. आमच्याकडे दशांशाच्या आकड्यांत टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. सी हत्ताब: २,३५ मीटर. अम्म फर्जानी: २,४ मीटर.

"लल्ला, शून्य राहिलं," मी हळूच म्हणालो. "फितीवर चाळीस सेंटिमीटर आहेत."

"राहू दे," त्या म्हणाल्या आणि पोरांकडे वळल्या. "बोला पंचमंडळी, कोण जिंकलं?"

"सीदी मुदीर," सगळी पाचवी एका सुरात म्हणाली, म्हणजे मुख्याध्यापक साहेब. बायरम नावाचा मोठ्या तोंडाचा पोरगा पुढे होऊन समजावू लागला, "पस्तीस कुठं आणि चार कुठं."

सी हत्ताबांनी फळ्याकडे पाहिलं. काही बोलायला तोंड उघडलं. पुन्हा फळ्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं. एका चिमुरडीनं त्यांच्या गळ्यात सोनेरी कागदाचं पदक घातलं, तेव्हा त्यांनी मान बरीच खाली वाकवली. पदक दुसऱ्या दिवशी त्यांच्या कचेरीत टेलिफोनच्या वर खिळ्याला लटकलं.

मी शिक्षकांच्या खोलीत लल्ला दालेंदांना गाठलं. "तुम्ही चक्क फसवलंत."

"मी? मी लिहिलं ते अक्षर न् अक्षर खरं आहे."

"आणि सी हत्ताब?"

"त्यांचं पण पिकू दे."

पुढच्या आठवड्यात त्या वर्गात सुक्या अंजिरांची मीटरभर लांब माळ घेऊन आल्या. पुढचं काही मला भिंतीतून ऐकू आलं आणि उरलेलं नंतर पोरांनी सांगितलं. फळ्यावर त्यांनी ०,१२५ आणि ०,९ लिहिलं आणि विचारलं, "बायरम, मोठा तुकडा तू घे. कुठला हवा?"

"एकशे पंचवीसवाला," बायरम म्हणाला. "तीन आकडे आहेत त्यात."

"शहाणा आहेस." त्यांनी पट्टीनं मोजून त्याला तेवढी माळ तोडून दिली. दोन अंजिरं आणि थोडा दोरा. मग स्वतःचा ०,९ मोजायला घेतला तर उरलेली माळही पुरेना. "हरकत नाही, थोडं नुकसान मी सोसते," असं म्हणून त्या खुर्चीत बसल्या आणि खाऊ लागल्या.

वर्ग पेटला. पोरांनी कुजबुजून नवा कायदा काढला, की ज्यात आकडे कमी तोच मोठा. लल्ला दालेंदांनी तोही लगेच मान्य केला. पिशवीतून दुसरी माळ काढली, फळ्यावर ०,२ आणि ०,७५ लिहिलं. यावेळी अख्ख्या वर्गानं ०,२ मागितला. पाऊण मीटर अंजिरं पुन्हा बाईंच्या मांडीवर आली.

"आनिस्ती, तुमच्या पोटात दुखेल," कोणीतरी रडकुंडीला येऊन म्हणालं.

"दुखू दे. तुम्हीच निवडून दिलंय."

शेवटी रिताज उठली. ही मुलगी कमी बोलायची, पण कागद कापायला तिला फार आवडायचं. तिनं कागदाची मीटरभर पट्टी घेतली, तिचे दहा भाग पाडले, एका भागाचे पुन्हा दहा केले. मग आकडे एकाखाली एक असे मांडले की स्वल्पविरामाखाली स्वल्पविराम यावा, आणि पहिल्या घरापासून तुलना करत गेली. "आधी दशांशाचं घर बघायचं," ती म्हणाली. "तिथंच ठरलं तर पुढचं बघायची गरजच नाही. आणि शेवटी शून्य चिकटवलं तरी अंजीर काही वाढत नाही. ०,४ काय आणि ०,४० काय."

ती बोलता बोलता थांबली. पलीकडे इतकी शांतता पसरली की माझ्या वर्गाची पोरं घाबरून भिंतीकडे बघू लागली.

"आनिस्ती," बायरमचा आवाज आला, "अम्म फर्जानी जिंकले होते."

"हो का?" लल्ला दालेंदा म्हणाल्या. "मग मला काय सांगता? पदक माझ्याकडे आहे का?"

मोर्चा कचेरीवर गेला. मी माझा वर्ग मॉनिटरवर सोपवून मागोमाग गेलो, हे बघायचं सोडणं शक्यच नव्हतं. सी हत्ताबांनी सगळं ऐकून घेतलं, खाकरले आणि म्हणाले, "बाळांनो, एकदा लागलेला निकाल बदलत नसतो. आणि निकाल तुम्हीच दिलात."

"आम्हाला तेव्हा येत नव्हतं, सीदी," रिताज म्हणाली. "तुम्हाला येत होतं का?"

सी हत्ताबांनी छताकडे पाहिलं. टेलिफोनकडे पाहिलं, तो वाजला नाही. दारात उभ्या असलेल्या लल्ला दालेंदांकडे पाहिलं, त्या बिया सोलत होत्या.

"थोडं थोडं," ते म्हणाले.

"थोडं म्हणजे किती?" बायरमनं विचारलं. "०,३५ की ०,४?"

पहिले हसले ते सी हत्ताबच. आधी मिशीच्या आत, मग खुर्ची करकरेपर्यंत. दुसऱ्या दिवशी झेंड्यासमोर त्यांनी स्वतः पदक अम्म फर्जानींच्या गळ्यात घातलं. अम्म फर्जानी "कशाला, कशाला" करत राहिले, पण ते पदक निळ्या डगल्यावर लावून ते आठवडाभर चहाच्या दुकानात बसले, आणि विचारणाऱ्याला उडी दर वेळी जरा लांबच सांगत गेले.

सी हत्ताब मात्र पुरते विरघळले नव्हते. हसू ओसरल्यावर माणसाला राग येतो तसा त्यांना आला. महिनाभर त्यांनी लल्ला दालेंदांना दुपारच्या उन्हातली मैदानावरची देखरेख लावली. त्या छत्री घेऊन उभ्या राहायच्या आणि पोरांना छत्रीची सावली मोजायला लावायच्या.

मग उन्हाळ्याची सुट्टी संपून शाळा उघडली. सी हत्ताबांची धाकटी दुर्साफ पाचवीत आली होती. दुसऱ्या तुकडीत भरपूर जागा होती, तिथले शिक्षकही त्यांच्या नात्यातले. तरी ते मुलीचा हात धरून लल्ला दालेंदांच्या दाराशी आले, आत न येता म्हणाले, "हिला तुमच्याकडे घ्या," आणि उत्तराची वाट न बघता निघून गेले.

लल्ला दालेंदांनी मुलीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हुशार दिसते, बिल्हसन. चुकायला लावायला जरा कष्ट पडतील."