पायाशी वाकणारा आतेभाऊ

अलिबागपासून उरणपर्यंतच्या किनाऱ्यावर वडीलधाऱ्यांचे सर्वांत जास्त आशीर्वाद कोणी मिळवले असतील, तर ते माझ्या आतेभावाने. आणि त्यांतला एकही त्याने मागितलेला नाही. तो रक्तवाहिन्यांचा शल्यचिकित्सक आहे. आठवडाभर मुंबईत शस्त्रक्रिया करतो आणि रविवारी भाऊच्या धक्क्यावरून लाँच पकडून, रेवसला उतरून, अलिबागला आमच्या घरी येतो. आपल्या पावलाच्या वरच्या बाजूला एक नाडी असते. ती बोटांना लागली, की हृदयातून निघालेले रक्त पायापर्यंत नीट पोहोचते आहे, असे समजावे. ही नाडी पाहण्याचा मोह त्याला आवरत नाही. समोर कोणी वयस्कर माणूस दिसला की हा खाली वाकतो, आणि तो माणूस साहजिकच याच्या डोक्यावर हात ठेवतो. आमच्या शेजारच्या आजींनी त्याला ‘दीर्घायुषी हो’ म्हटले, जरा थांबून ‘यशस्वी हो’ म्हटले, मग ‘घर भरलेलं राहो’ म्हटले. तरीही तो उठेना, तेव्हा त्या घाबरून मला म्हणाल्या, “मास्तर, याला आणखी काय हवंय?”

“डावा पाय,” तो खालूनच म्हणाला.

माणसांची वर्गवारी तो जात, गाव किंवा हुद्दा यांवरून करत नाही. उभे राहून काम करणारे आणि बसून काम करणारे, एवढे दोनच वर्ग त्याला मान्य आहेत. वाहतूक पोलीस, न्हावी, पोळ्या लाटणाऱ्या बायका आणि शिक्षक हे पहिल्या वर्गात येतात व त्याच्या विशेष मायेचे धनी होतात. मी आयुष्यभर फळ्यासमोर उभा राहून विज्ञान शिकवले. त्याची पावती म्हणून माझ्या पोटरीवर निळ्या गाठींची वेल चढली आहे. ती पाहिल्यापासून त्याचा दंडक असा, की मी वर्तमानपत्र वाचताना पाय उशांच्या ढिगावर, छातीपेक्षा उंच ठेवायचे. परिणामी घरी येणारे माजी विद्यार्थी माझ्याशी न बोलता माझ्या तळव्यांशी बोलतात, आणि तेही पूर्वीच्याच आदराने.

शिकवण्याची हौस मात्र त्याला माझ्यापेक्षा अधिक. लोक सरसकट ‘शीर’ म्हणतात. पण पायात रक्त खाली आणते ती रोहिणी आणि वर नेते ती नीला, हा भेद तो चहाच्या टपरीवरही समजावून सांगतो. एकदा मिठागरावरच्या मंडळींना त्याने नीलेतल्या झडपा शिकवल्या. “खाडीच्या बांधाला उघाडी असते ना? ओहोटीला आतलं पाणी बाहेर सोडते आणि भरतीला आपोआप मिटते. पायातल्या नीलेला अशाच उघाड्या असतात. त्या नादुरुस्त झाल्या, की वर गेलेलं रक्त परत खाली येतं आणि नीला फुगते.” माझ्या अख्ख्या कारकिर्दीत इतके नेमके उदाहरण मला सुचले नव्हते. ऐकणाऱ्यांतला एक जण पायाकडे बघत म्हणाला, “मंग आमच्या पायात भरतीच हाय म्हना की.”

अशा या माणसाला मी मुलाच्या लग्नाच्या मानपानाच्या शेवटच्या बैठकीला नेले. लग्न आठवड्यावर आले होते. मुलीचे वडील उरणजवळच्या गावातले. घराणे मिठागरांचे, आता ट्रकचा व्यवसाय. सगळे त्यांना शेठ म्हणतात. भर उन्हाळ्यात त्यांनी पायांत जाड मोजे घातले होते. नमस्कार होताहेत तोच आतेभाऊ वाकला. वरपक्षातला मोठा माणूस आपल्या पाया पडतो, हे पाहून शेठ कावरेबावरे झाले. “उठा डॉक्टर, पोराकडच्यानी असं करायचं नसतं.” आतून बायकांची कुजबुज ऐकू आली, “केवढी गरीब मानसं हाईत ही.” आतेभावाने तोवर शेठचा उजवा मोजा उतरवला होता. अंगठ्याचे टोक काळे पडले होते.

“दादा, बोलणी थांबव,” तो मला म्हणाला.

सोयरीक मोडली, असाच सर्वांचा समज झाला. माझ्या मुलाचा चेहरा उतरला.

“लग्न होईल,” आतेभाऊ म्हणाला, “पण आधी हा पाय. याच्यात नाडी लागत नाही. शेठ, घरापासून नाक्यापर्यंत जाताना वाटेत किती ठिकाणी थांबता?”

विहीणबाई कौतुकाने म्हणाल्या, “ते दर ओट्यावर थांबतात. सगल्यांची इचारपूस करतात. असा मायाळू मानूस गावात न्हाय.”

“पोटरी धरते म्हणून थांबता ना?”

शेठनी बायकोची नजर चुकवली. मग हळूच म्हणाले, “व्हय. पर पोरीचं लगीन हाय. मांडव उतरला की येतो तुमच्याकडं.”

“तोवर अंगठा जाईल, कदाचित पाऊलही. जावयाचे पाय धुवायला खाली बसाल, मग उठाल कशाच्या जोरावर?”

शेठ मोजा परत चढवू लागले. तेव्हा दारात उभी असलेली आमची होणारी सून पुढे आली. “बाबा, तुम्ही हॉस्पिटलात चला, न्हायतर लगीन पुढं ढकला. तुम्हाला खुर्चीत बसवून मी मांडवात उभी ऱ्हानार न्हाय.”

शेठनी आमच्याकडे पाहून हात जोडले. “चला. ही आईवर गेली हाय.”

दुसऱ्याच दिवशी जांघेतून बारीक नळी घालून, तिच्या टोकाचा फुगा फुगवून, आतेभावाने बुजलेली रोहिणी मोकळी केली. अंगठ्याचे टोक तेवढे गेले, पाऊल वाचले. लग्नात शेठ जावयाचे पाय धुवायला बसले आणि कोणाचाही हात न धरता उठले. पुढचा विधी मात्र खोळंबला, कारण आतेभाऊ मांडवातच शेठच्या पायाशी बसला होता. भटजींनी दोनदा घसा खाकरला. आतेभावाने बोट वर करून त्यांनाच गप्प केले, नाडी मनसोक्त अनुभवली, आणि इतका प्रसन्न हसला, की वरमाय त्याच्यापुढे फिकी पडली.

घोटाळा पुढेच झाला. शेठ आता घरातून निघत ते थेट नाक्यावर पोहोचत. वाटेतले ओटे ओस पडले. महिन्याभराने आम्ही त्यांच्याकडे गेलो, तेव्हा सुकट निवडत बसलेल्या एका म्हातारीने आतेभावाला अडवले. “तू त्याचा पाय बरा केलास, पर आमचा मानूस नेलास. रोज येऊन बसायचा. आता नुसता हात करून जातो.”

आतेभाऊ आधी हसला, मग ओशाळला. संध्याकाळी त्याने शेठना आज्ञा केली. “रोज चालायचं. जाताना कुठंही थांबायचं नाही, ते पायासाठी. येताना प्रत्येक ओट्यावर बसायचं.”

“आता दुखत न्हाय, मंग बसून सांगू काय?”

“तेच सांगा.”

नाक्यापर्यंत चालून परतताना आम्ही तिघेही त्या म्हातारीच्या ओट्यावर टेकलो. तिने बिनदुधाचा गोड चहा दिला, आतेभावाची सगळी चौकशी केली. घरी कोण असतं, जेवायला कोण वाढतं, सारे विचारले. मोरा बंदराहून मुंबईला सुटणाऱ्या त्याच्या लाँचची वेळ होत आली होती. मी दोनदा आठवण केली.

“बसू जरा, दादा,” तो कप दोन्ही हातांत धरून म्हणाला, “तिकडं मला थांबवून विचारणारं कोणी नाही.”