मागल्या पडवीतल्या सकाळी

आमच्या घरात सुनेनं दिवसाउजेडी नवऱ्याशी बोलायचं नाही, अशी रीत. लग्नाला तीन वर्षं झाली होती, आणि खरं सांगते, भर उजेडात ह्यांचा चेहरा मी नीट पाहिलाच नव्हता. तो दिसला मुंबईच्या डॉक्टरमुळं.

स्वातंत्र्य मिळून दीडेक वर्ष झालं असेल. आमचं गाव किन्हवलीजवळ. खळ्यावर हे पेंढ्याच्या उडवीवरून पडले, पाय मोडला, दोन महिने खाटेवर. हाड सांधलं, पण पाय सुजून टम्म! मुंबईला नेलं तेव्हा कळलं, शिरेत रक्ताची गुठळी धरलीय. ती सुटून छातीत गेली तर माणूस जागच्या जागी जातो. रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. दर मंगळवारी दीर ह्यांना आसनगावहून गाडीनं न्यायचे, डॉक्टर रक्त तपासायचा आणि आठवड्याच्या गोळ्या कागदावर लिहून द्यायचा: आज एक, उद्या अर्धी. रक्त फार पातळ झालं तर तेही जिवावर. म्हणून पहिल्या खेपेला मी सोबत गेले होते, तेव्हा त्यानं मलाच समोर उभं करून बजावलं, "रोज सकाळी उजेडात बघायचं. हिरड्या, डोळे, पाठ. काळंनिळं किंवा रक्त दिसलं, की गोळी बंद आणि तडक इकडे."

डॉक्टरचाच हुकूम! सासूबाईंनाही तो मानावा लागला. रोज न्याहारीआधी मागल्या पडवीत हे पाटावर बसायचे, मी समोर.

"आ करा."

"काय गो, म्हशाच्या बैलबाजारात आलीस काय? बैलाचे दात बघतेस?"

"बाजारात उभे असता तर कोण घेतं तुमाला! तोंड उघडा."

हसू बाहेर जाऊ नये म्हणून मी पदर तोंडात धरायची. ह्यांच्या डाव्या डोळ्यात एक तपकिरी ठिपका होता, तो मला तेव्हा कळला. घरावर मरणाची भीती होती, आणि मी मेली सकाळ कधी होते याची वाट बघायची! सांगायला लाज वाटते, पण होतं ते असं.

मग एकादशी आली. सासूबाई म्हणाल्या, "उपासाला इलायती गोळी? नाय चालायची. उद्या घे." हे आईच्या शब्दाबाहेर कधी गेले नाहीत. द्वादशीला उपास सोडताना दोन गोळ्या एकदम घेतल्या आणि मला सांगतात, "कालची भरून काढली." अगं बाई, भरून काढायला तो काय काल भरायचा राहिलेला पाण्याचा हंडा होता? मी चिडले, पण बोलले नाही. बोलले असते तर सासूबाईंवर आलं असतं.

चौथ्या सकाळी सदरा वर केला, तर पाठीवर पंज्याएवढा काळा डाग. दातवणाला रक्त. लघवी आमसुलाच्या पाण्यासारखी, ते त्यांनीच खाली मान घालून सांगितलं.

पुढच्या ओटीवर सासरे चार माणसांत बसले होते. तिथं सुनेची सावलीही पडायची नाही. पण मी गेले, आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ह्यांच्या अंगातून रक्त जातंय. गाडी जुंपा." सासरे उठले आणि बैल आणायला गोठ्याकडं गेले.

मुंबईत परक्या माणसांचं रक्त चढवलं, सुया टोचल्या. पंधरा दिवसांनी हे परत आले, पांढरेफटक, पण चालत आले. सासूबाईंनी दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि ढसाढसा रडल्या, "माज्याच तोंडानं मी पोराला मारला असता गो!" मीच त्यांना पाणी दिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाट मांडायला गेले, तर सासूबाई आधीच पडवीत. "आता मीच बघीन. तू चूल सांभाळ." आई होती ती. पोर हातचं जाता जाता वाचलं होतं. मी चुलीशी जाऊन बसले.

गोळ्या आणखी दोन महिने चालल्या. पुढं हे पुष्कळ जगले. मुलंबाळं झाली, नातवंडं झाली, बोलायलाही मोकळीक आली. पण मला अजून हवी आहे ती तीच पडवी. सासूबाई पहिल्यांदा बघायला बसल्या त्या सकाळी मी चुलीपासून वळून पाहिलं. हेही माझ्याकडंच बघत होते, आ वासलेल्या तोंडानंच हसले.

"हलू नको रे," सासूबाई म्हणाल्या, आणि ह्यांची मान धरून उजेडाकडं वळवली.