भावी कर्णधाराचा फ्लेक्स

माझ्या मुलाच्या अभिनंदनाचा फ्लेक्स चौकात लागला, तेव्हा त्याने एकही सामना खेळलेला नव्हता.

अकरा वर्षांचा शंतनू नुकताच फुटबॉल अकादमीत जायला लागला होता. पहिलं वर्ष फक्त बॉल पायात थांबवायला शिकवणार, सामन्यांची घाई नाही, असं कोचनी सांगितलं होतं. मी मान डोलावली. पण कोल्हापुरात पोरगं फुटबॉल खेळतंय आणि चौकाला पत्ता नाही, हे आमच्या पेठेला शोभणारं नव्हतं. त्यात माझ्या मेव्हण्याचं, संभाचं, फ्लेक्स छापायचं दुकान.

"दाजी, आज ना उद्या लावायचाच हाय," तो म्हणाला. "मग आजच लावू की."

दुसऱ्या दिवशी चौकात 'भावी कर्णधार' झळकला. रिवाजाप्रमाणे खाली शुभेच्छुक म्हणून माझाही फोटो होता. शंतनूचा ताटाएवढा, माझा दाराएवढा. (गॉगल संभाने आपल्या मनाने घातला. मी फक्त नको म्हणालो नाही.)

पुढच्या रविवारी अकादमीतल्या मुलांचा आपापसातच एक सराव सामना होता. फ्लेक्स वाचलेली निम्मी गल्ली बघायला निघाली, सोबत हलगीवाला. मैदानावर बाकीचे आईबाप पाण्याच्या बाटल्या धरून गप बसलेले, आणि आम्ही हलगी कडाडत आत! शंतनू बदली खेळाडूंच्या बाकावर होता. आम्हाला बघून त्याने बूट बांधायला मान खाली घातली, ती बराच वेळ वर काढली नाही. एका बुटाला इतक्या गाठी मारलेल्या मी कधी पाहिल्या नाहीत.

शेवटी शेवटी कोचनी त्याला उतरवलं. बॉल त्याच्या पायात आला. शेजारी एक पोरगा मोकळा, हात वर करून उभा. मी बोंबललो, "मार!" माझ्यामागून सगळी गल्ली, "मार!" शंतनूने मैदानाच्या मधूनच डोळे मिटून मारला. बॉल थेट हलगीवर आला. (त्या दिवसातला तेवढा एकच ठोका नेमका बसला.)

घरी आल्यावर त्याने बूट माळ्यावर टाकले.

"मी आता जाणार न्हाय. पोरं मला फ्लेक्स म्हणून हाका मारत्यात."

प्रसिद्धीची सवय व्हायला लागते, असं मी त्याला समजावू लागलो. तो भिंतीकडे तोंड करून झोपला. तेव्हा माझी बायको सुनीता बोलली.

"त्या नव्या पोराला कशापायी झापलं होतं हो तुम्ही?"

मी शिरोलीला फौंड्रीत सुपरवायझर. साच्यात लोखंड ओतलं की ते निवेपर्यंत हात लावायचा नसतो. गरम साचा फोडला की आतल्या मालाला तडा जातो. आदल्याच आठवड्यात एका नव्या पोराने घाई केली, म्हणून मी त्याला सगळ्यांसमोर सोलून काढलं होतं आणि घरी येऊन ते रंगवून सांगितलंही होतं.

"आता स्वतःलाबी झापा," ती म्हणाली. "आम्ही ऐकतो."

मी कोचकडे गेलो. काय बोलायचं ते पाठ करून गेलतो, पण त्यांनी बोलूच दिलं नाही.

"उद्या पाठवा त्याला. गोल मारायला न्हवं, चुकायला. अन् तुम्ही गेटाच्या भाईर थांबायचं."

मी शिडी लावून भर चौकात फ्लेक्स उतरवला. (त्याचाही फोटो संभाने काढला.) मग माळ्यावरचे बूट खाली आणले, पुसले आणि दारात ठेवले. सकाळी बघतो तर बूट जाग्यावर नव्हते.

याला वर्ष झालं. परवा गेटाच्या गजांतून बघत होतो. बॉल आला. शंतनूने तो थांबवला, मान वर करून बघितलं आणि मोकळ्या पोराकडे सरकवला. गोल झाला नाही, कोणी टाळीही वाजवली नाही. मी मात्र जेवताना सुनीताला ते इतक्यांदा सांगितलं, की तिने भाकरी वाढायची थांबवली.

फ्लेक्स वाया गेला नाही. मुरगूडला सासऱ्यांच्या गोठ्याला आडोसा म्हणून बांधलाय, माझं तोंड आतल्या बाजूला. तेव्हापासून म्हैस पान्हा चोरते, अशी त्यांची तक्रार आहे.

मी त्यांना सांगितलं, "मामा, तिला जरा वेळ द्या."