पडद्यावरचं रेवस

आमचे शेजारी चाळिशीत नेटवर्कचं काम शिकतायत. खरे राऊटर मांडायला घरात जागा नाही, म्हणून त्यांनी सात राऊटर लॅपटॉपच्या आतच चालवलेत आणि त्यांना आमच्या नि आसपासच्या गावांची नावं दिलीत. लॅपटॉप फार तापतो, म्हणून पडवीत तो मासळीच्या बर्फपेटीवर ठेवलेला असतो.

वारा सुटून आमच्या रेवसच्या धक्क्यावरून मुंबईला जाणारी बोट बंद झाली की ते पडद्यावरचं रेवसही बंद करतात.

"बोट नाय, तर डेटाचं पॅकेट जाईल कसं?" हे ते मला इतक्या शांतपणे समजावतात की मलाही पटतं. पुढे पुढे मी धक्क्यावर चौकशी करणं सोडून त्यांच्या पडद्यावरच नजर टाकू लागलो.

परवा भाचीच्या साखरपुड्याला मुंबईला निघालो, तर पडद्यावर रेवस लाल, म्हणजे बंद. बॅग घेऊन घरी परतलो. दुपारी कळलं, बोट वेळेवर सुटली होती.

मी तावातावाने पडवीत गेलो.

"लॅपटॉप तापला होता, म्हणून रेवस बंद ठेवलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे कीव आल्यासारखं बघत म्हणाले, "भाऊ, ही नुसती सरावाची लॅब हाय."

एवढं बोलून त्यांनी मान उंचावून धक्क्याकडे पाहिलं, परतीची बोट लागल्याची खात्री केली आणि मगच रेवस चालू केलं.