एक हात खिशात

अकोला स्टेशनवर गाडी यायच्या आधी बाबांनी माझ्या हातात एक खोकं दिलं आणि सांगितलं, हे सामानात टाकू नको, मांडीवर ठेव. आत त्यांनी स्वतः बनवलेला हेडफोनचा अँप्लिफायर होता, जुन्या रेडिओत असायचे तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचा. व्हॉल्व्ह काढून त्यांनी माझ्या लोकरी मोज्यांत गुंडाळले होते. बाबा वीज खात्यातून निवृत्त झालेले. आई गेल्यावर त्यांनी असे दोन अँप्लिफायर जोडले, एक स्वतःला, एक मला. गाडी हलली तरी ते खिडकीशी चालत सांगत होते, "बंद केलं म्हंजे करंट गेला असं नसते, पोरी. आत हात घालाचा त एक हात खिशात ठेवाचा."

दोन्ही हात लागले तर झटका छातीतून जातो, म्हणून. मला तेव्हा नोकरीची, थंडीची, जर्मन भाषेची भीती होती. या भीतीला जागाच नव्हती.

हॅम्बर्गच्या माझ्या फ्लॅटच्या भिंती पातळ आहेत आणि रविवारी आवाज केलेला इथे खपत नाही. त्यामुळे हेडफोन बरे पडले. संध्याकाळी स्विच लावायचा, व्हॉल्व्ह तापून नारंगी होईपर्यंत चहा करायचा, मग गाणी. मधूनमधून व्हॉल्व्ह उपसून त्यांचे पाय स्पिरिटने पुसायचे. बाबा फोनवर माझ्या तब्येतीच्या आधी व्हॉल्व्हची चौकशी करत.

गेल्या उन्हाळ्यात हेडफोनच्या डाव्या बाजूला घरघर सुरू झाली. सुट्टीच्या सकाळी मी लॅपटॉपवरून बाबांना व्हिडिओ कॉल लावला. अकोल्यात दुपार होती आणि लाईट गेलेली होती. कोणता कपॅसिटर बदलायचा ते दाखवायला त्यांनी आपला अँप्लिफायर उघडला, फोन पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला. मला नीट दिसावं म्हणून डाव्या हाताने डबा कलता धरला आणि उजव्या हाताचं बोट आत नेलं. लाईट नाही म्हणून पिन काढायची राहिली होती. आधी काही ऐकत बसले असतील, स्विचही चालूच होता. हे सगळं मला नंतर कळलं.

त्या वेळी मला फक्त पंखा दिसला. बाबांच्या खांद्यामागे, छताचा पंखा हळूच फिरायला लागला. मी "बाबा, लाईट आली" म्हणाले, पण तोवर फट्‌कन आवाज झाला, खुर्ची पडली, फोन पडला. मग पडद्यावर नुसतं छत आणि पूर्ण वेगाने फिरणारा पंखा.

मी हाका मारत होते. उत्तर नाही. कॉल बंद करायची हिंमत होत नव्हती. त्या घरात शिरायला माझ्याकडे तेवढीच एक खिडकी होती. दुसऱ्या हातातल्या मोबाईलवरून शेजारच्या वंदनाताईंना फोन लावला. बाबा, करंट, एवढंच म्हणाले. ताईंनी लगेच फोन ठेवला. मग लॅपटॉपमधून मागचं दार आपटल्याचा आवाज आला, पावलं आली, आणि पंख्याचा वेग उतरू लागला. त्यांनी आधी मेन स्विच पाडला होता. पंखा पूर्ण थांबायला वेळ लागला. तेवढ्या वेळात मी मनात बाबांशिवायचं ते घर पाहिलं; दारावरचं कुलूपसुद्धा पाहिलं.

मग ताईंचा चेहरा आला. "श्वास चालू हाय. डोये उघडले त्यायनं. रडू नको, मी नेतो दवाखान्यात."

बाबा वाचले. उजव्या हाताची दोन बोटं भाजली, ती अजून नीट वाकत नाहीत. मी मिळेल त्या विमानाने निघून अकोला गाठलं आणि पुष्कळ विनवलं, माझ्याबरोबर चला. त्यांनी पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन शांतपणे ऐकून घेतलं.

"अथी पडलो त वंदना धावते," ते म्हणाले. "तथी पडलो त तू हापिसात रायशीन. मंग मले उचलन कोन?"

मी तिकीट एकटीचंच काढलं. परतीच्या विमानात तोच प्रश्न उलटून माझ्यावर आला. इतकी वर्षं त्या शहरात राहून, मी पडले तर दार उघडणारं माझं तिथे कोण होतं? खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाईंशी मी 'हालो' आणि निरोपाच्या 'च्यूस'पलीकडे कधी बोलले नव्हते.

आल्यावर मी त्यांना चहाला बोलावलं. पुढच्या रविवारी तो घरघरणारा अँप्लिफायर उघडण्याआधी खाली गेले, घराची जादा किल्ली त्यांच्या हातात ठेवली आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांगितलं की मी विजेचं काम करतेय, तासाभरात खाली आले नाही तर वर या. त्यांनी किल्ली एप्रनच्या खिशात टाकली आणि जिन्याकडचं दार उघडंच ठेवलं.

वर येऊन पिन काढली, पुन्हा पुन्हा तपासली. मग एक हात खिशात घातला. अजूनही अकोल्याचा फोन अवेळी वाजला की छातीत धस्स होतं, आणि ते जाईल असं वाटत नाही. ज्यांनी घर सोडलं, त्यांना हे सांगायला नको. मला कोणी घर कुठे विचारलं तर मी अजून अकोलाच सांगते. पण त्या सकाळी, खाली कोणीतरी कान देऊन बसलंय हे ठाऊक असताना, मी हॅम्बर्गच्या त्या फ्लॅटला पहिल्यांदा मनातल्या मनात घर म्हटलं.