भीमनगरचा भोंगा

जिलानीला एका जागी बसवायचं नाही. लातूर जिल्हा उस्मानाबादेतून वेगळा निघाला, त्याच साली तो अहमदपुरात जन्मला. त्याचे वडील जलीलभाई एसटी स्टँडासमोर विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून द्यायचे. ते म्हणायचे, "लोकांना नवा जिल्हा मिळाला अन् आम्हाला ही भिंगरी!" कुणी हाक मारली की पोरगं ताटातला घास टाकून उठायचं, आणि दुसऱ्यानं हाक मारली की पहिल्याचं काम अर्धं टाकून तिकडे पळायचं. नांदेडला इंजिनिअरिंग शिकताना मुदखेडला मामाकडे राहायचा. परतीची रेल्वे स्टेशनात थांबायच्या आत हा फलाटावर उतरलेला असायचा. पुण्यात चांगली नोकरी लागली, ती सोडली. कारण काय, तर खुर्ची टोचते म्हणे!

मग लातुरात गाळा घेतला आणि विहिरीवरच्या मोटारी आपोआप चालू-बंद करणाऱ्या पेट्या बनवू लागला. हात सोन्याचे, पण बूड स्थिर नाही. बायको बिलकीस वैतागून म्हणायची, "अजी, जरा बैठो तो सही!" तोवर हा पायात चपला सरकवून दाराबाहेर.

दोन हजार सोळाचा उन्हाळा आठवा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, ते साऱ्या देशानं टीव्हीवर पाहिलं. पण रेणापूरच्या आतल्या गावांना कुठली आलीय रेल्वे? अशाच एका गावात जिलानीनं पेटी बसवली होती. गावाला एकच विहीर, तिच्यावर मोटार, आणि उंचावर पाण्याची टाकी. वीज केव्हा येईल ते देवालाही ठाऊक नाही. आली की मोटार सुरू व्हायची. टाकी भरली की टाकीवरचं यंत्र तारेवरून 'भरली' असा निरोप पेटीला धाडायचं आणि पेटी मोटार बंद करायची. मग पाणीवाला व्यंकट एकेका आळीचा व्हॉल्व्ह खोलायचा. सगळ्यात शेवटी भीमनगर. टाकीत उरेल ते त्यांचं.

भीमनगरच्या बाया दिवसभर नाला खोल करायच्या कामावर, गावापासून लांब. पाणी आल्याचं त्यांना कळणार कसं? म्हणून धुरपताबाईनं जिलानीला गाठलं होतं. पन्नाशी ओलांडलेली, खोऱ्या-टिकावाचं काम करणारी, आवाज असा की माळावर घुमेल. "जिलानी, मोटार चालू झाली की तुझी पेटी बोंबलंल असं कर की काही. आम्ही टोपली टाकून पळत येऊ." जिलानीला हाक पुरेशी होती. त्यानं उभ्या उभ्या पेटीला भोंगा जोडला, लॅपटॉप मांडीवर घेऊन प्रोग्राममध्ये चार ओळी घुसवल्या, आणि झालं! मोटार सुरू झाली की भोंगा असा कोकलायचा की नाल्यातल्या बाया पदर खोचून धावत सुटायच्या.

पण त्यानंतर टाकी सांडायला लागली.

रोज नाही, अधूनमधून. मोटार चालूच राहायची, टाकीच्या काठावरून पाणी धो-धो खाली, आणि व्यंकट बोंबलत पळायचा. त्या काळात सांडलेलं पाणी बघणं म्हणजे पोटचं पोर हातातून निसटताना बघणं. विहीर लवकर तळ गाठायची, टाकी दुसऱ्यांदा भरायची नाही, आणि कोरडं कोण राहायचं? शेवटचं भीमनगर. सरपंच गुरुपादप्पा तोंडाचे फटकळ. म्हणाले, "इंजिनेर, अजून एकदा सांडलं तर तुझी पेटी नदीत फेकीन. तीबी कोरडीच हाय म्हणा."

जिलानी बेजार झाला. तारा बदलल्या, टाकीवर चढून यंत्र पुसलं, पेटी खोलून परत लावली. शेवटी त्याच्या ध्यानात आलं की सांडतं ते वीज लपंडाव खेळते त्या दिवशी. टाकी भरत आलेली असते, वीज जाते, परत येते, मोटार परत सुरू होते, भोंगा वाजतो, आणि त्यानंतर सांडतं. म्हणजे खोट भोंग्यातच! का, कशी, ते बघायला बसायला हवं होतं. पण बसेल तो जिलानी कसला? त्यानं प्रोग्राममधल्या त्या चार ओळी पुसल्या, पक्कड घेतली आणि भोंग्याची तार कापून टाकली.

दुसऱ्या दिवशी वीज दहादा गेली असेल, पण टाकी सांडली नाही. तिसऱ्या दिवशी गुरुपादप्पांनी त्याला ग्रामपंचायतीत बोलावून चहा मागवला, पाठीवर थाप मारली. व्यंकट म्हणाला, "सुटलो बाबा, कानबी वाचले अन् पाणीबी." जिलानी खुशीत कप तोंडाला लावतो न लावतो तोच धुरपताबाई दारात. हातात रिकामी घागर.

"भोंगा का वाजला न्हाई रे काल?"

"मावशी, काढला. त्याच्यापायी पाणी सांडून राहिलं होतं. आता बघा, एक थेंब वाया न्हाई!"

"वाया न्हाई? आमच्या नळाला आलं अन् गेलं. आम्ही नाल्यात. घरी सून बाळंतीण, ती काय खाटंवरून उठून घागरी भरंल? व्यंकटनं बघितलं, नळाला कुणी न्हाई. केला बंद."

व्यंकट खाली बघू लागला.

"मग काय केलंत?" जिलानीनं विचारलं.

"काय करणार? वरच्या आळीत गेले. दारात उभी राहिले. दिली एक घागर. वाईट न्हाईत ती माणसं. पण माझ्या सासूचा जन्म विहिरीपासून लांब उभं राहून 'वाढा हो माय पाणी' म्हणण्यात गेला. आम्ही धम्म घेतला, भांडून आळीत नळ आणला, ते कशासाठी? हे मागणं सुटावं म्हणून. तू मला परत दारात उभी केलीस, जिलानी."

चहा तसाच राहिला. लाज वाटली त्याला, अगदी मातीत तोंड लपवावं अशी. कुणी ओरडलं असतं तर बरं झालं असतं, पण ती ओरडली नाही.

लातूरला येऊन तो बसला. खरोखर बसला. दहादा उठला आणि दहादा परत येऊन बसला. बिलकीसला वाटलं, ह्याला ताप आलाय.

दोष काय होता, ते तुम्हीही समजून घ्या, अवघड नाही. पेटीत नखाएवढी चिप, मायक्रोकंट्रोलर. तारेवरून निरोप येतो तो एकदम नाही, एकेक अक्षर करून. अक्षर आलं की चिपला हाक जाते, तिला इंटरप्ट म्हणतात. चिप हातातलं सगळं सोडून ते अक्षर उचलते. आधीचं उचललं नाही आणि पुढचं आलं, तर एक गेलंच, कायमचं. म्हणून रीत अशी, की हाक आली की अक्षर उचलायचं, रांगेत ठेवायचं आणि लगेच माघारी फिरायचं. पुढचं काम ज्याचं त्यानं करावं. कामं वाटायला मुकादम असतोच, आरटीओएस नावाचा. कुणाला आधी सोडायचं आणि कुणाला थांबवायचं, ते तो बघतो.

आणि जिलानीनं काय केलं होतं? मोटारीकडून 'सुरू झाले' असा निरोप आला की त्या हाकेतच उभं राहून भोंगा वाजवायचा, वाजून संपेपर्यंत हलायचं नाही. तेवढ्यात टाकीकडून 'भरली' आलं तर ऐकणार कोण? त्यात टाकीवरची बॅटरी वाचावी म्हणून निरोप एकदाच धाडायची सोय केलेली. गेला तो गेलाच. प्रोग्राम अगदी धन्याच्या वळणावर गेला होता, एका हाकेपायी बाकी सगळं टाकणारा.

त्यानं सगळं उपसून काढलं. हाकेत आता एकच काम, अक्षर उचलून रांगेत ठेवणं. निरोप वाचायला एक टास्क, म्हणजे मुकादमाच्या हाताखालचं वेगळं काम, तिचा मान पहिला. भोंग्याला वेगळी टास्क, तिचा मान शेवटचा. वाजू दे तिला कितीही, मोटार बंद करायचं काम तिच्यासाठी अडायचं नाही. आणि टाकीला सांगितलं, पोच मिळेपर्यंत निरोप धाडत राहा.

गावात येऊन त्यानं भोंग्याची तार जोडली तेव्हा गुरुपादप्पा भडकले. "चांगलं चाललेलं खामखा का बिघडवतो? सांडलं तर पेटी आजच निघंल." जिलानी म्हणाला, "सांडलं तर काढा. पण पेटी हाय तोवर भोंगा राहील."

तो पेटीजवळ थांबला नाही. थांबला असता तर हात मोटारीच्या बटनाकडे गेलाच असता. तो भीमनगरच्या नळापाशी जाऊन उभा राहिला. पाय जागच्या जागी चुळबुळ करणारे. वीज आली, भोंगा वाजला, बाया नाल्यातून निघाल्या. टाकी भरत असणार. वीज गेली. गेली ती गेलीच, अर्धा तास पत्ता नाही. मग आली, आणि भोंगा परत कोकलू लागला. जिलानीनं डोळे मिटले. या अल्ला, आता!

फोन वाजला. व्यंकट ओरडत होता, "जिलानीभाई, मोटार बंद पडली! भोंगा अजून वाजून राहिलाय अन् मोटार बंद!"

"टाकी बघ, टाकी!"

"काठोकाठ हाय! थेंब न्हाई सांडला!"

जिलानी मटकन खाली बसला. रडला की हसला, ते त्यालाच सांगता येणार नाही.

व्यंकटनं भीमनगरचा व्हॉल्व्ह खोलला तेव्हा सगळ्या बाया आपापल्या घागरी घेऊन हजर होत्या. धुरपताबाईनं पहिली घागर भरली, डोक्यावर घेतली, आणि घराकडे न वळता वरच्या आळीची वाट धरली.

"मावशी, तिकडं कुठं? घरी बाळंतीण हाय ना!"

ती वळलीसुद्धा नाही. "आधी त्यांची घागर देऊन येते," ती म्हणाली. "मागून न्हाई आणली म्हणावं. उसनी आणली होती."