संपातली दहावी

मी एसटीत कंडक्टर आहे, अठरा वर्षं झाली. गाव करमाडपासून आत सात किलोमीटरवर. माझी मोठी मुलगी दहावीला होती त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास आमचा संप सुरू झाला आणि तिचा शेवटचा पेपर झाला तरी तो मिटला नव्हता. त्या पाच-सहा महिन्यांत मी एका जागी दहा मिनिटं स्वस्थ बसलो असेन असं वाटत नाही.

आमच्या गावात शाळा सातवीपर्यंत. पुढं करमाड. करोना आला तेव्हा मुलीची आठवी संपत आली होती, परीक्षा झालीच नाही. नववी पूर्ण मोबाईलवर गेली. घरात मोबाईल एक, तोही माझा, आणि मी ड्यूटीवर. मी घरी असेन त्या दिवशी ती पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर जाऊन बसायची, कारण रेंज तिथंच यायची. नववीतही सगळ्यांना पास केलं. दहावीचं अर्धं वर्ष असंच गेलं आणि दसऱ्याच्या आधी एकदाची शाळा उघडली. गणवेश आखूड झाला होता. तिच्या आईनं सलवारीची दुमड उसवून दोन बोटं सोडली आणि सकाळच्या गाडीनं पोरगी शाळेत गेली. गावातून दहावीच्या चार मुली होत्या. चौघी त्याच गाडीनं जायच्या, मुलींना पास फुकट होता.

महिनाभर शाळा झाली. मग आम्ही गाड्या थांबवल्या.

संपात मी कुणाच्या सांगण्यावरून उतरलो नव्हतो, मनापासून उतरलो होतो. आम्हाला सरकारी कर्मचारी धरा, एवढीच आमची मागणी होती आणि ती मला आजही रास्त वाटते. रोज मोटारसायकलवर शहरात जायचं, स्टँडबाहेरच्या मंडपात बसायचं, घोषणा द्यायच्या, संध्याकाळी परत. पहिल्या आठवड्यात सगळेच म्हणत होते, दोन-चार दिवसांत मिटेल. मीही घरी तेच सांगत होतो. मुलं एकमेकांच्या गाड्यांवर बसून करमाडला जाऊ लागली. मुली मात्र घरी राहिल्या. काळीपिवळी जीप भरल्याशिवाय हलायची नाही आणि भरली की माणसं मागं लटकलेली असायची. त्यात पोरींना कोण बसवणार?

दोन आठवडे झाले तशी शेजारची बाई आमच्या ओट्यावर येऊन बसली. तिची मुलगीही त्या चौघींतली. बराच वेळ ती माझ्या बायकोशी कापूस वेचणीचं बोलत राहिली. उठताना मला म्हणाली, "भाऊ, तुमचा संप बरोबर हाय. तुमच्या पोटाचं तुम्ही बघायलाच पायजे. पण पोरींचं काय करायचं तेवढं सांगा."

ती गेल्यावर मी बायकोवर उगाच चिडलो, तिनं चहा का विचारला नाही म्हणून. तिनं विचारला होता.

माझी मुलगी त्या दिवसांत मला काही म्हणाली नव्हती, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटायची. ती आतल्या खोलीत पुस्तक उघडून बसायची. मी डोकावलो की पान उलटायची. एका सकाळी मी मंडपाला निघालो तेव्हा दारात आली. "पप्पा, कामावर जा असं मी म्हणत नाही," ती म्हणाली. "फक्त मला शाळेत सोडून मग तिकडं जा."

एवढं साधं होतं ते. मला कसं सुचलं नाही, याची लाज वाटली. दुसऱ्या दिवसापासून मी दोन खेपा सुरू केल्या. पहिल्या खेपेला माझी मुलगी आणि शेजारणीची, दुसऱ्या खेपेला उरलेल्या दोघी. रस्ता इतका खराब की सात किलोमीटरला वीस-पंचवीस मिनिटं लागत. मग तिथून पुढं शहरात, मंडपात तास-दोन तास, आणि शाळा सुटायच्या आत परत करमाड. मंडपातले सोबती विचारायचे, कुठं पळतोस? मी सांगितलं की निघ म्हणायचे. त्यांच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरीही कुणी ना कुणी शाळेत होतंच.

त्यात रोज नवी अफवा. कुणी म्हणे परीक्षा मोबाईलवर होणार, कुणी म्हणे पुढं ढकलणार, कुणी म्हणे आदल्या वर्षीसारखी रद्दच. आदल्या वर्षी दहावीची परीक्षा खरंच झाली नव्हती, त्यामुळं कशावरही विश्वास बसायचा. पालकांच्या ग्रुपवर संदेश पडला की चार घरांतून चार माणसं माझ्याकडं यायची, जणू परीक्षा मंडळ मीच चालवतो. जानेवारीत करोना पुन्हा वाढला आणि शाळा बंद होणार अशी बातमी आली. दहावीला त्यातून वगळलंय, हे कळेपर्यंतचे दोन दिवस कुणालाच चैन नव्हतं.

त्याच दोन दिवसांनंतर चौथी मुलगी यायची बंद झाली.

मी दुसऱ्या खेपेला तिच्या दारात हॉर्न वाजवला, तर तिच्या आईनं आतूनच हातानं नाही म्हणून खुणावलं. असं तीन दिवस. चौथ्या दिवशी संध्याकाळी मी घरी गेलो. मुलीचा बाप शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं माल चढवायच्या कामाला होता. नुकताच येऊन हातपाय धूत होता. त्यानं मला बसायला सतरंजी टाकली, चहा सांगितला आणि मी विषय काढायच्या आधी स्वतःच बोलला.

"कंडक्टर, गाडी होती तंवर पोरगी शाळंत जाती म्हणून सांगता येत व्हतं. आता कधी शाळा बंद, कधी गाडी बंद. पोरगी घरात बसल्याली दिसती लोकांना. सिल्लोडकडचं स्थळ आलंय. माणसं बरी हायेत."

मी पोरीचं वय काढलं. त्याला ते आवडलं नाही. कायदा आपल्यालाही माहीत आहे, लगेच कुठं करतोय, नुसती बोलणी चाललीत, असं तो म्हणाला. नुसती बोलणी किती दिवसांची असतात ते आम्हा दोघांना ठाऊक होतं. करोनाच्या दोन वर्षांत आमच्या भागात अशी बरीच लग्नं गुपचूप उरकली होती. मुलगी चुलीपाशी पाठमोरी बसली होती.

त्याच्या बोलण्यातलं मला टोचलं ते गाडीचं. तो माझ्यावर आरोप करत नव्हता. चहा पाजून, सरळ मनानं सांगत होता. म्हणून ते जास्त लागलं.

"परीक्षा होईपस्तोर थांबा," मी म्हणालो. "मी रोज नेतो, रोज आणतो. एक दिवस चुकलो तर मग तुमचं खरं."

त्यानं कपातला उरलेला चहा संपवला. मग म्हणाला, "बघू." मी ते होय धरलं आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न वाजवला. मुलगी दप्तर घेऊन बाहेर आली.

त्यानंतर मला ताप आला तरी मी गेलो. एकदा करमाडच्या अलीकडं मोटारसायकल पंक्चर झाली तर दोन किलोमीटर ढकलत नेली, पोरी मागून चालत. चुकायचं नाही, एवढंच डोक्यात होतं.

मग सराव परीक्षेचे पेपर तपासून मिळाले. माझ्या मुलीचा विज्ञानाचा पेपर मी पाहिला. पहिले दोन प्रश्न नीट, तिसरा अर्धा, पुढं कोरी पानं. बाकीच्या विषयांतही तसंच. मला वाटलं, बुडालेल्या शाळेचा हा परिणाम, म्हणजे माझाच. मी शाळेत तिच्या वर्गाच्या बाईंना भेटायला गेलो. त्या म्हणाल्या, "हिला येतं सगळं. तोंडी विचारा, धडाधड सांगते. पण हात चालत नाही हिचा. दोन वर्षं लिहिलंय कुठं पोरांनी? रोज घड्याळ लावून एक पेपर लिहून घ्या."

हे काम मला जमण्यासारखं होतं. आमच्या गावच्या शाळेचा व्हरांडा दुपारी रिकामा असायचा. करमाडहून आणलं की चौघींना तिथं बसवायचं, जुनी प्रश्नपत्रिका द्यायची आणि मी घड्याळ घेऊन समोर. पहिल्या दिवशी माझ्या मुलीनं अर्ध्या तासात पेन खाली ठेवलं. मनगट दाबत बसली, डोळ्यांत पाणी. शेजारणीच्या मुलीचं तेच. वेळ संपेपर्यंत एकटीच लिहीत राहिली, ती त्या चौथ्या घरची. तिनं सगळा पेपर लिहिला, पुरवणीसुद्धा मागितली. मी विचारलं, तुला कसं काय जमतं? तिनं सांगितलं की तिच्या घरी मोबाईल नव्हता. नववीत आणि दहावीच्या सुरुवातीला शाळा बंद होती तेव्हा ती पुस्तकातले धडेच्या धडे वहीत उतरवून काढायची. दुसरं काही करायला नव्हतं.

तो पेपर मी संध्याकाळी तिच्या बापाला नेऊन दाखवला. त्याला वाचायला फारसं येत नसावं. त्यानं एकेक पान उलटलं, शेवटपर्यंत गेला, परत पहिल्या पानावर आला.

"एवढं हिनं लिवलं?"

"तीन तासांत."

त्यानं पेपर परत दिला नाही. घडी करून फळीवर ठेवला. सिल्लोडचा विषय त्यानं काढला नाही आणि मीही नाही.

फेब्रुवारीत डेपोतून निरोप येऊ लागले. येतील त्यांना कामावर घेऊ, नाहीतर पुढची कारवाई. माझ्या जोडीचा ड्रायव्हर हजर झाला. त्यानं फोन केला, "ये तू पण. आपण दोघं सांगून करमाडची गाडी मागून घेऊ. पोरींची परीक्षा तरी सुटेल." त्याचं खोटं नव्हतं. मी खाकी कपडे पिशवीत घालून निघालो, घरी मंडपाला जातो म्हणून सांगितलं. डेपोच्या फाटकाशी पोचलो. फाटकाच्या एका बाजूला ऑफिस, दुसऱ्या बाजूला मंडप. मंडपातल्या माणसांनी मला पाहिलं. एकानं सतरंजीवर सरकून जागा केली, नेहमीसारखी. मी जाऊन बसलो. पिशवी मांडीवर घेऊन दोन तास बसलो आणि मुलींना आणायची वेळ झाली तसा उठलो.

घरी बायकोनं पिशवी उघडली. कपड्यांना इस्त्री तशीच होती. तिनं ते परत कपाटात ठेवले. मी बरोबर केलं की चुकलो, हे मला तेव्हा कळलं नाही. आजही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही.

परीक्षा कागदावरच झाली आणि ज्याच्या-त्याच्या शाळेत झाली, एवढं बरं. अर्धा तास वाढवूनही दिला होता. पहिल्या पेपरला मी दोन्ही खेपा इतक्या लवकर केल्या की शाळेचं फाटकही उघडलं नव्हतं. आम्ही बाहेर लिंबाखाली उभे. तेवढ्यात चौथ्या मुलीचा बाप सायकल मारत आला. त्यानं कामावर खाडा केला होता. मला म्हणाला, "तुमची आज घाई झाली असंल. येताना मी घेऊन जातो तिला." आणि साडेतीन तास फाटकाबाहेर उभा राहिला. मी बसा म्हटलं तरी बसला नाही.

माझ्या मुलीनं शेवटच्या पेपरापर्यंत सगळे प्रश्न सोडवले, असं ती म्हणते. निकाल लागला तेव्हा चौघी पास होत्या. चौथ्या घरच्या मुलीला माझ्या मुलीपेक्षा बरेच जास्त गुण होते. माझ्या मुलीला शहरात विज्ञान शाखेला जायचं होतं. हव्या त्या कॉलेजच्या यादीत नाव लागलं नाही. थोडक्यात राहिलं. करमाडलाच प्रवेश घेतला. त्या दिवशी ती माझ्यावर रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं दुपारभर कपडे धुतले, घरातले सगळे, धुवायचे नव्हते तेही.

चौथ्या मुलीनं बारावी केली. त्यानंतर तिचं लग्न झालं, जालन्याकडं. मला पत्रिका होती आणि मी गेलो होतो. पुढं शिकते का, हे तिच्या बापाला विचारायचं मी दोनदा ठरवलं आणि दोन्ही वेळा हवापाण्याचं बोलून परतलो.

संप एप्रिलमध्ये मिटला, मी हजर झालो. आता माझी ड्यूटी सिल्लोडच्या बाजूला असते. सकाळच्या फेरीला एका फाट्यावर शाळेच्या मुली चढतात. यंदा त्यातली एक दहावीला आहे. पास दाखवताना ती रोज विचारते, "काका, उद्या गाडी येणार ना?" मी येईल म्हणतो. तिचा विश्वास बसत नाही, दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारते. मी तिला एकदा विचारलं, रोज का विचारतेस? ती म्हणाली, "आईनं सांगितलंय, विचारून ये म्हणून."